कोपरे नसलेलं घर

मांगेरे, ऑकलंड
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय आई,

ओनोसाई रांगायला लागली. पोरीचं नाव ‘धीर’ या अर्थाचं ठेवून काहीही उपयोग झालेला नाही, हे कळवते. परवा तिने टेबलावरचं कापड ओढलं आणि चहाची किटली खाली आली. नशिबाने चहा सावलोच्या पायावर सांडला. पाय बरा आहे. तो म्हणतो की नवऱ्याला भाजलं तर नशीब म्हणायचं नसतं.

आता मुद्द्याचं लिहिते. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते आणि मला हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात परत हजर व्हायचं आहे. सावलोची पाळी बदलती असते. पोरीला सांभाळणारी शेजारची मावशी मेअखेर लेकाकडे वेलिंग्टनला राहायला चालली. तेव्हा जूनपासून नाताळपर्यंत ओनोसाईला तुझ्याकडे ठेवायचं आमच्या मनात आहे. तुला आणि बाबांना जमेल का, ते स्पष्ट लिही.

तपासायला येते ती नर्स म्हणाली, घर सुरक्षित आहे की नाही ते बघायचं असेल तर आपण स्वतः हातापायांवर रांगून बघावं. मी बघितलं. आमच्या सोफ्याखाली काय काय आहे ते तुला सांगत नाही. तूही एकदा रांगून बघ.

टिमूमामाबरोबर पार्सल देतेय. त्यात दाराला लावायचं लाकडी फाटक आहे, विजेच्या प्लगची भोकं बंद करायची बुचं आहेत, कोपऱ्यांना बसवायचे रबर आहेत आणि कपाटाच्या कड्या आहेत. सगळं लावून घे. पोस्टातल्या फोनवर बोलायला नको, पोस्टमास्तरीणबाई मध्येच सल्ला देतात.

तुझी,
इआनेटा


सालेवाओ, सवाई बेट
३ मार्च १९८६

इआनेटा,

पार्सल मिळालं. टिमूने बोटीत सगळा वेळ त्याच्यावर बसून प्रवास केला, तरी काही मोडलं नाही. माल चांगला दिसतो.

पोरीला खुशाल पाठव. नात सांभाळशील का, असं कुणी आईला विचारतं का? तिथे राहून तुम्ही सगळं विचारायला लागलात.

तू पाठवलेल्या वस्तूंचं काय झालं ते लिहिते. फाटक दाराला लावायचं, पण आपल्या मोठ्या घराला दार नाही. भिंतीच नाहीत तर दार कुठलं? हे तुला माहीत होतं, तू इथेच वाढलीस. दार आहे ते फक्त मागच्या गोऱ्या पद्धतीच्या खोलीला, आणि तिथे तुझ्या लग्नाच्या फोटोशिवाय कुणी राहत नाही. फाटक सध्या खांबाला टेकवून ठेवलंय. त्यावर कोंबडी बसते.

कोपऱ्यांचे रबर हातात घेऊन मी घराला एक फेरी मारली. घर लांबट गोल आहे, खांबही गोल आहेत. शेवटी तुझ्या आजीच्या थडग्याला चार कोपरे सापडले, तिथे लावले. घरासमोरच आहे, पोरं त्याच्यावर खेळतात, तेव्हा वाया गेले नाहीत. आजी आता अगदी सुरक्षित आहे.

बुचं पाळकसाहेबांना दिली. त्यांच्याकडे वीज आहे. त्यांनी सगळी बसवली आणि आता ती निघत नाहीत. त्यांचा रेडिओ बंद आहे. रविवारचं प्रवचन त्यामुळे लांबलं.

रांगूनही बघितलं. नेमक्या त्याच वेळी महिला मंडळाच्या बायका घरोघर स्वच्छता तपासायला आल्या. काय हरवलंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मग त्या मी उठेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. तुझे बाबाही माझ्या शेजारी येऊन रांगायला लागले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

बाबा बरे आहेत.

तुझी आई


मांगेरे
२८ मार्च १९८६

प्रिय आई,

तुझं पत्र सावलोला वाचून दाखवलं. तो खूप हसला. मला हसू आलं नाही.

ओनोसाई आता जिथे कड दिसेल तिकडेच धावते. पलंगावर ठेवली की सरळ कडेला जाते आणि खाली डोकं काढून बघते, जणू तिथे तिचं काही राहिलंय. आपल्या घराचं दगडी जोतं माझ्या कमरेएवढं उंच आहे आणि चारी बाजूंनी उघडं. खाली डुकरं फिरतात. चुलीची खोपटी दहा पावलांवर, आणि समोर समुद्र. हे सगळं मला आठवतं, मी तिथे वाढले हे तू मला सांगायला नको होतंस.

बाबांना म्हणावं, जोत्याच्या कडेने कठडा करा. अर्ध्या गावाची घरं आणि होड्या त्यांनी बांधल्या, नातीसाठी एवढं तर करतील. आणि कोयते, रॉकेल, काडेपेट्या यांचं काय केलंस? कपाटाच्या कड्या कुठे लावल्या? तू लिहिलं नाहीस. चेष्टा करून झाली की ते लिही.

इआनेटा


सालेवाओ
२० एप्रिल १९८६

इआनेटा,

तू विचारलंस म्हणून क्रमाने सांगते.

कोयते, रॉकेल आणि काडेपेट्या एका पेटीत घातल्या आणि पेटीला तू पाठवलेल्या दोन्ही कड्या लावल्या. किल्ली नसलेली कडी उघडायला मलाच वेळ लागतो. नीरफणस सोलायचा असला की आधी पेटीशी झटापट. चांगल्या कड्या आहेत.

कठड्याचं बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच सुरुवात केली. समोरची बाजू इतकी सुरेख झाली की माणसं बघायला आली. एकही खिळा नाही, सगळं काथ्याने बांधलेलं, जुन्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो सोडून टाकला. पसंत नव्हता. मग पुन्हा बांधला, तो पहिल्यापेक्षा चांगला. तोही सोडला. कारागीर माणसाचं असं असतं. आता कठडा शेजारच्या वाओसाचा नवरा सेटू करतोय. त्याला खिळे लागतात आणि तो दिसायला बरा नाही, पण सकाळी जागेवर असतो.

फाटक शेवटी मागच्या खोलीच्या दाराला लावलं. तुझे बाबा हल्ली तिथे झोपतात.

टिमू पुढच्या आठवड्यात तिकडे परत येतोय. पुढच्या पार्सलात काकडीचं लोणचं नको, इथे कुणी खात नाही. जमलं तर घुंगरू पाठव. पायात बांधायचे. मोठ्या मापाचे.

तुझी आई


मांगेरे
६ मे १९८६

आई,

तुझं आणि बाबांचं भांडण झालंय का?

तुला वाटेल मला काय कळतं. पण सगळा जन्म तुम्ही एका चटईवर झोपलात, आणि आता बाबा मागच्या खोलीत, माझ्या लग्नाच्या फोटोखाली. वर दाराला फाटक. तुझं एक वाक्य मी तीनदा वाचलं. सावलो म्हणतो, या वयात पुरुष चिडके होतात, त्याचे वडील एक वर्षभर फक्त कुत्र्याशी बोलायचे. त्यांनी कठडा दोनदा मोडला याचा अर्थही मला आता कळतोय. ओनोसाई येणार म्हणून त्यांना राग आलाय का? तसं असेल तर सरळ लिही. वाओसाला मध्ये घाल, नाहीतर पाळकसाहेबांना. त्यांचा रेडिओ बंद आहे, त्यांना वेळ असेल.

घुंगरू पाठवतेय. पोरीच्या पायात मोठे होतील, तू म्हणालीस म्हणून घेतले.

तिकीट काढलं. ती आणि मी ११ जूनला निघतो. मी एक आठवडा राहून परत येईन.

इआनेटा


सालेवाओ
१९ मे १९८६

इआनेटा,

भांडण नाही. ते रागावलेले नाहीत. पोरीची वाट बघतात. रोज सकाळी विचारतात, आज येणार ना?

घुंगरू मिळाले. माप बरोबर आहे.

तुझी आई


मांगेरे
२६ मे १९८६

आई,

काल प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये टिमूमामा भेटला. मला बघून खूश झाला. म्हणाला, “पोरी, तुझ्या फाटकाचा फार उपयोग झाला हं. आता म्हातारा पहाटे उठून समुद्रात जात नाही.”

मी म्हटलं, “कुठला म्हातारा?”

त्याने हातातला केक बशीत ठेवला.

मग मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. चर्चमधल्या सगळ्यांनाच माहीत आहे. महिला मंडळाला माहीत आहे, बोटीवरच्या माणसांना माहीत आहे. बाबांना घरातली माणसं ओळखू येत नाहीत हे फक्त त्यांच्या मुलीला माहीत नाही, कारण तिची आई तिला कोंबडीच्या आणि थडग्याच्या गोष्टी लिहिते.

मी तुला माझं मूल कसं सुरक्षित राहील ते विचारत होते, आई. पानंच्या पानं. आणि तू माझ्या मुलीची फाटकं बाबांना लावत होतीस. त्यांना डुकरासारखं कोंडलंस. घुंगरूसुद्धा माझ्याकडूनच मागवलेस.

ओनोसाईला मी पाठवत नाही. तिकीट परत करते.

इआनेटा


सालेवाओ
२ जून १९८६

इआनेटा,

पत्र वाओसाने वाचून दाखवायला घेतलं होतं, पण ती मध्येच थांबली, म्हणून मी स्वतः वाचलं.

पोरीला पाठवू नकोस. तुझं बरोबर आहे. तू आई आहेस, मी तुझ्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं.

आता घडलं ते सांगते. गेल्या नाताळच्या आधीपासून ते वस्तूंची नावं चुकायला लागले. मला वाटलं, कान गेले असतील. मग एकदा जेवताना त्यांनी आपल्या भावाला हाक मारली, ये, बस म्हणून. भाऊ कधीच गेला, तुला माहीत आहे. मी एक ताट वाढून ठेवलं. काय करणार? नंतर त्यांनी घराच्या चटईवर चूल पेटवायला घेतली. म्हणून ती पेटी.

मार्चमध्ये, तुला मी पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात, ते पहाटे उठून ओहोटीच्या पाण्यातून लाटा फुटतात त्या खडकाकडे चालत निघाले. मी उठले तेव्हा चटई रिकामी. भरती लागली होती. सेटू डुकरांना नारळ घालायला उठला होता, त्याला लांब पाण्यावर डोकं दिसलं. होडी नेली आणि त्यांना वर ओढून घेतलं. तर त्यांनी सेटूच्या थोबाडीत मारली. “सोड मला, कोण तू? घरात बाळ येणार आहे, मासे नकोत?” बाळ येणार होतं हे खरंच होतं. कोणतं, एवढंच चुकलं. तुझ्या जन्माच्या वेळी त्यांनी तीन दिवस असेच मासे आणले होते.

कोंडलंस म्हणतेस. फाटक त्यांच्या गुडघ्याच्या जरा वर येतं. ओलांडणं त्यांना काहीच नाही. पण ते सुतार आहेत. पहाटे उठतात, फाटकाशी येतात आणि त्याची खिटी कशी बसवली आहे ते हात लावून बघत उभे राहतात. पाय हलला की घुंगरू वाजतात. तेवढ्यात मला जाग येते. मी दाराबाहेरच झोपते. आम्ही एका चटईवर नाही, पण फार लांबही नाही.

तुला का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस, नाहीतर आली नसतीस. मला दोन्ही नको होतं. आणि मी त्यांना सांगून बसले होते की बाळ येतंय. सगळं विसरतात, पण ते लक्षात राहिलं. सकाळी उठल्यावर पहिलं तेच विचारतात. त्यांच्या तोंडून ते रोज ऐकायची मला सवय झाली होती.

एक सांगते, मग पुरे. पोरीला नको आणूस, पण तू येऊन जा. अजून एखाद्या दिवशी ते तुझं नाव घेतात. कधी वाओसाला त्या नावाने हाक मारतात, कधी मला. पण नाव आहे तोवर ये.

सेटूचा कठडा पूर्ण झाला. वाकडा आहे.

तुझी आई


मांगेरे
२ सप्टेंबर १९८६

प्रिय आई,

पोचले. विमानात माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर बाळ होतं आणि ते सगळा वेळ रडत होतं. तिने माझी माफी मागितली. मी म्हटलं, रडू द्या.

घरात जमिनीवर काहीच नाही. सावलोने किटली पुन्हा टेबलाच्या कडेला ठेवली होती. मी ती उचलून मागे सरकवली. मग आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.

तुला खरं सांगते, मी तिकीट परत केलं नाही ते तुझ्या पत्रामुळे नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते परत करायला गेलेच नव्हते, नुसतं लिहिलं होतं. आणि आले तेव्हा परतीच्या प्रवासाला दोघींची जागा धरून आले होते. बाबांना बघायचं, पोरीला दाखवायचं आणि घेऊन जायचं, असं ठरवलं होतं. म्हणून पहिला आठवडा मी तिला खाली ठेवलीच नाही.

तू विचारलं होतंस की मी आठवड्याचे अडीच महिने का केले, आणि मग तिला ठेवायचं कसं ठरवलं. तेव्हा मी म्हटलं, वाओसा आणि सेटू मुलांसकट आपल्याकडे राहायला आले म्हणून. ते खरं आहे. वाओसाने शपथ घेतली की बाबा आणि बाळ दोघंच एकत्र कधी असणार नाहीत, आणि वाओसा शपथ मोडत नाही. ती आली नसती तर मी पोरीला ठेवलं नसतं.

पण सावलोला मी वाओसाचं सांगितलं नाही, दुसरंच सांगितलं. जुलैमध्ये एका सकाळी तू कोको ढवळत होतीस, वाओसा कपडे धूत होती, आणि मी केस बांधायला ओनोसाईला चटईवर ठेवली. तिने बरोबर ती जागा गाठली, जिथे सेटूच्या कठड्याची काठी निखळली होती. मी बघितलं तेव्हा तिचे दोन्ही हात बाहेर होते. मी केस तसेच सोडून उठले. बाबा खांबाला टेकून मांडीवर काथ्या वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, हातातलं काम थांबवलं नाही, फक्त पाय लांब केला. ती त्यांच्या पोटरीला येऊन अडली आणि तिथेच बसून घुंगरू वाजवायला लागली.

त्या सकाळी त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती.

सावलोने ऐकलं. नंतर अंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

काठी बसवून घेतली का? सेटूला चांगले खिळे पाठवतेय. पोरगी आता चालायला लागेल. धरून उभी राहिली की कठड्याची वरची काठी तिच्या हनुवटीशी येईल, ते बघ. खाते का? मला शोधते का? शोधत नसेल तरी लिही.

इआनेटा


सालेवाओ
१४ ऑक्टोबर १९८६

इआनेटा,

खिळे मिळाले. सेटूने सगळे एकाच काठीला मारले. ती काठी आता वादळातही राहील. बाकीच्यांचं बघू.

पहिले चार दिवस तिने तुला शोधलं. चटया उचलून बघितल्या, झापांच्या पडद्यामागे बघितलं, वाओसाच्या लुंगीखालीही बघितलं. पाचव्या दिवशी तिला डुक्कर सापडलं. तुला वाईट वाटेल, पण तू लिही म्हणालीस.

खाते. नीरफणस आवडतो, टारोचा कंद थुंकते. दोन दाढा आल्या आणि सेटूला चावली.

परवा मुलांचा रविवार झाला. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, तिलाही मी शिवला होता झगा, लेस लावून. प्रार्थना सुरू झाली आणि ती माझ्या मांडीवरून उतरून मधल्या वाटेने दोन पावलं टाकत, मग रांगत थेट पाळकसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी प्रवचन आटोपतं घेतलं. गावाने नंतर आपल्याकडे मासळी पाठवली. झगा पांढरा राहिला नाही.

आता बाबांचं. तू गेलीस त्याला जेवढे दिवस झाले, तेवढ्यात तुझं नाव त्यांच्या तोंडून एकदाच आलं, आणि ते नारळाला उद्देशून. मी खोटं लिहिणार नाही असं तुला कबूल केलंय म्हणून लिहिते. मलाही कधी ओळखतात, कधी पाहुणी समजून बसायला चांगली चटई देतात. बाळ येणार ना, हे विचारणं बंद झालं. पहाटे समुद्राकडे जाणंही बंद झालं. फाटक काढून ठेवलं, पुन्हा कोंबडी बसते त्यावर.

झालंय असं, की रोज सकाळी उठून ते बाहेर येतात आणि त्यांना ही चटईवर दिसते. रोज नव्यानेच दिसते. थोडा वेळ बघतात आणि मला विचारतात, “हे पोर कुणाचं?”

मी म्हणते, “आपलं.”

“आपलं? मग कुणी लक्ष कसं देत नाही त्याच्याकडे? जोतं केवढं उंच आहे.”

मी असते, वाओसा असते, तिची चारही मुलं असतात. आम्हा सगळ्यांकडे एकदा रागाने बघतात. मग काथ्या घेतात आणि कडेला जाऊन बसतात ते संध्याकाळपर्यंत. जेवायला बोलावलं तर म्हणतात, तुम्ही जेवा, मला इथून हलता यायचं नाही.

तुझी आई